पिरान्हांचा आषाढ

रशीदचाचा मुजावर. हे नाव सगळ्यात आधी लिहितो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आईवडिलांनी वाढवलं, पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, ते ऋण तर आहेच. पण एखाद्या गोष्टीकडे टक लावून बघायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं, हे मला चाचांनी शिकवलं. चाचा स्वतः चौथी शिकलेले. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्यांचं काच कापायचं दुकान. फोटोच्या फ्रेमा, खिडक्यांची तावदानं आणि माशांच्या पेट्या. चंदगडहून शिकायला आलेल्या मी त्या दुकानाच्या माडीवर बी. एस्सी.ची तीन वर्षं काढली.

हे सगळं आता उसळून वर आलं त्याला कारण पाऊस. आषाढ अर्धा सरलाय. मी आता शाहूवाडीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. खोलीच्या कौलांवरून पाणी पन्हळीत येतं, पन्हळीतून पिंपात, आणि पिंप गेले आठ दिवस भरून वाहतंय. काल सकाळी दात घासता घासता माझा हात आपोआप एका बाटलीकडे गेला. पिंपातलं पाणी घेतलं, त्यात साबणाचा कीस टाकला, बूच लावून बाटली खळखळ हलवली. फेस पार गळ्यापर्यंत! पाणी मऊ होतं, चुना-क्षार नसलेलं, अगदी लोण्यासारखं मऊ. आणि मी एकटाच अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "चाचा, बघा की!"

माझ्या आयुष्यात एक आषाढ असा आहे की त्याचं पाणी अजून ओसरलेलं नाही.

पेठेनं चाचांच्या मागं एक नाव चिकटवलं होतं : रूपचंद. त्याची कथा मी राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला पाच जणांनी सांगितली. चाचांनी कुणा व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबून चार छोटे पिरान्हा आणले होते. माणसाचं बोट तोडणारे मासे पेठेत आले म्हणून दुकानासमोर ही गर्दी! मुलं बापाच्या खांद्यावर बसून बघत होती. चाचांनी ऐटीत मटणाचा तुकडा सोडला. माशांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तेवढ्यात समोरचे सर्जेराव तात्या पुढे झाले. तात्या तालमीतले जुने पैलवान, आवाज चौकापर्यंत जाणारा. त्यांच्या हातात अर्धं केळं होतं. त्यांनी त्याचा तुकडा पाण्यात टाकला, आणि चारी मासे त्याच्यावर तुटून पडले.

"काय रशीदभाई," तात्या म्हणाले, "तुमचा वाघ केळं खातोय व्हय!"

ते मासे रूपचंद निघाले. बाजारात किलोवर मिळतो तोच. लहानपणी त्याचंही पोट लाल असतं, म्हणून भल्याभल्यांची फसगत होते. पुढे ते हातभर झाले तेव्हा चाचींनी त्यांचं कालवण केलं आणि एक वाटी तात्यांच्या घरी पाठवली. तात्यांनी रिकामी वाटी परत करताना रस्त्यातूनच ओरडून सांगितलं, "वैनी, पिरान्हा लई गोड लागला!"

चाचा हसायचे. त्यांच्यावर विनोद झाला की सगळ्यात आधी तेच हसायचे. पण एकदा फ्रेम करून घ्यायला आलेल्या अनोळखी बाईंनी अगदी निरागसपणे विचारलं, "रूपचंदचाचांचं दुकान हेच का?" तेव्हा काचेवर कापायची हिरकणी ओढणारा त्यांचा हात मध्येच थांबला. ती काच वाकडी तुटली. तीस वर्षं काच कापणाऱ्या माणसाची.

म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा सहा मासे आणले. मी गेलो तेव्हा ते रुपयाएवढे होते आणि माझ्या तिसऱ्या वर्षापर्यंत वीतभर झाले. हे खरे होते. खालचा जबडा पुढे आलेला, जणू सतत रुसलेले. दात करवतीच्या पात्यासारखे त्रिकोणी. पोटावर पिकलेल्या मिरचीचा लाल, अंगावर चांदीची चकाकी. पण पेठ काही केल्या मानायला तयार नाही! आणि मासेही असे भित्रे, की कुणी छत्री झटकली तरी सहाच्या सहा पेटीच्या मागच्या कोपऱ्यात गठ्ठा करून बसायचे. लोक म्हणायचे, जिवंत कोंबडी सोडा, मग बघू. चाचा म्हणायचे, "तमाशा न्हाय हा. जेवणाऱ्याला कुणी बघत बसतंय व्हय?"

मग एका संध्याकाळी ते तात्यांच्या देखत बोलून गेले.

"तात्या, रूपचंद काचंच्या पेटीत अंडी घालत न्हाय. त्याला तळं लागतंय, वर औषधाची सुई मारायला लागत्या. ह्यांनी माझ्या पेटीत अंडी घातली, तर मग तरी पटंल न्हवं?"

"पटंल की. पिल्लं दाव, मी सवताच्या तोंडानं पेठभर सांगतो. तवर तू रूपचंदच."

अशी ती पैज लागली. पैज कसली, एका माणसाचं नाव धुऊन काढायचं होतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही पेटीत अॅमेझॉनचा कोरडा ऋतू केला. पाच फुटी पेटीतलं पाणी हळूहळू अर्ध्यावर आणलं, कोमट ठेवलं. चाचांनी कुठून कुठून विचारून माहिती जमवली होती, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तकातली पानं उतरवून आणायचो आणि त्यांना मराठीत सांगायचो. मला इंग्रजी नीट वाचता येत नव्हतं. एकेका ओळीला डिक्शनरी. पण चाचा इतक्या उत्सुकतेनं पुढची ओळ मागायचे की मला न वाचून चालायचंच नाही. दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसली होती, मी नापास होता होता वाचलो होतो, कॉलेज सोडून गावाकडं जावं असं मनात घोळत होतं. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी हे पान पुरं कर."

त्यांनी मला एक वही दिली. रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि लिहायचं. मी पहिल्या दिवशी लिहिलं : 'मासे आनंदी आहेत.' चाचांनी ते वाचून दाखवायला लावलं.

"तुला काय सांगितलं त्यांनी, आनंदी हाय म्हणून?"

"नाही."

"मग काय दिसलं ते लिही की चंदगडकर."

मी खोडून लिहिलं : 'दोन मासे कोपऱ्यात. शेपूट हलते. रंग कालच्यासारखा.' माझ्या शिक्षणाची खरी सुरुवात मी त्या खाडाखोडीपासून मोजतो.

आषाढ लागला तसा पेटीतही पाऊस पाडायचा होता. थंड, मऊ पाणी वरून झारीनं शिंपडायचं. पाऊस कोल्हापुरातही धो धो होता, पण दुकानावर होती सिमेंटची गच्ची. "सिमेंटवरनं आलेलं पाणी चुना घेऊन येतंय," चाचा म्हणाले आणि बाटलीत साबण हलवून दाखवलं. फेस जेमतेम दोन बोटं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्याच पाण्यात काचनळीतून थेंब थेंब रसायन टाकून ते तपासलं. उत्तर तेच आलं! मला इतका आनंद झाला की मी धावत येऊन ते सांगितलं. चाचा म्हणाले, "मग साबण स्वस्त की."

माझ्या गावाकडच्या घराला कौलं होती, आणि चंदगडचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. दर शनिवारी मी गावी जायचो आणि सोमवारी दोन कॅन भरून यष्टीनं परत. पहिल्याच सोमवारी कंडक्टरनं अडवलं.

"ए पावणं, कॅनात काय हाय?"

"पाणी."

"पाणी? चंदगडातनं कोल्हापुरला पाणी? का, तिथं नळ आटलं व्हय?" त्यानं आवाज खाली आणला. "काजूची दारू असंल तर सांग. मी काय खात न्हाय तुला."

त्यानं बूच काढून वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि सगळ्या गाडीला ओरडून सांगितलं, "आयला, पाणीच की हे!"

"कुणाला रं एवढं लाडाचं पाणी?" मागनं एक आजोबा.

"माशांना."

"मासं ऱ्हात्यात कोल्हापुरात आणि पाणी लागतंय चंदगडचं! आमच्या सुनंची बहीण हाय बघ ती."

गाडी हसली, मीही हसलो. आजऱ्याच्या घाटात धुकं गाडीत शिरत होतं, पायांमध्ये दोन कॅन डुचमळत होते. आपण काहीतरी करतोय, असं आयुष्यात प्रथमच वाटत होतं.

तिसऱ्या सोमवारनंतर दोन मासे काळे पडू लागले. मिरचीचा लाल रंग विझला, चांदी गेली, कोळशासारखे झाले. मी घाबरलो. चाचा मात्र स्टुलावरून ताडकन उठले. "जोडी झाली! चंदगडकर, जोडी झाली!" त्या दोघांनी पेटीचा डावा कोपरा बळकावला. वाळू तोंडानं उचलून बाजूला टाकायची, झाडं मुळापासून तोडायची, मध्ये बशीएवढा खळगा. बाकीचे चार जवळ आले की अंगावर जायचं. चाचांनी लगेच मापाची काच कापून मध्ये आडवी बसवली. मग मला म्हणाले, "कान लाव." मी पेटीच्या थंड काचेला कान लावला. आतून आवाज येत होता. टुक, टुक, टुक. मासा बोलतो हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. वहीत मी ऐकलं तेवढंच लिहिलं : 'टुक, टुक, टुक.'

गुरुवारी पहाटे अंडी पडली. मधाच्या रंगाची, साबुदाण्याहून लहान, खळग्याच्या तळाला चिकटलेली, शेकड्यांनी. चाचींनी ते बघून दोन्ही हातांची बोटं कपाळाला लावून कडाकडा मोडली. आम्ही नळीनं अर्धी अंडी अलगद ओढून लहान पेटीत घेतली, पंप लावला, बुडबुडे सोडले. चाचा काच पोचवायला बाहेर गेले. आणि मग मी जे केलं ते आमच्यासारख्या माणसांनाच सुचेल. मला इतकं भरून आलं होतं की मी पेटीपुढे उदबत्ती लावली. हात जोडले. चाची आल्या, त्यांना ते आवडलं. "थांब," म्हणाल्या, "आज गुरुवार हाय," आणि निखाऱ्यावर लोबान टाकून धुपाटणंच घेऊन आल्या. आम्ही दोघांनी मिळून दुकानाची ती मागची खोली धुरानं भरून काढली. दर्गा आणि देऊळ एकाच वेळी दरवळत होतं. इतकं पवित्र वाटत होतं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. कापसासारखी बुरशी. मोठ्या पेटीतलीही.

चाचा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हवा हुंगली. "पंप हवा कुठनं ओढतोय?" त्यांनी विचारलं. खोलीतून. खोलीतला सगळा धूर आम्ही बुडबुडे करून अंड्यांना पाजला होता. चाची तोंडाला पदर लावून उभ्या. मला वाटलं, आता हा माणूस मला माडीवरून काढणार, आणि ते योग्यच होईल.

चाचा खाली बसले आणि हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "देवालाबी बोलावलं, अल्लालाबी बोलावलं, आणि माझ्या माशांचा दम कोंडला!" मग डोळे पुसून म्हणाले, "वहीत लिही. उदबत्ती एक, लोबान एक वाटी. खाडाखोड करू नको."

पंपाची नळी खिडकीबाहेर गेली. पुन्हा चंदगडचं पाणी, पुन्हा झारी. बरोबर सतरा दिवसांनी दुसरी अंडी पडली. त्या दिवशी खोलीत कुणी जोरानं श्वाससुद्धा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी अंड्यांत शेपट्या वळवळू लागल्या. नुसते डोळे आणि शेपूट! आठवडाभरात ते स्वल्पविरामासारखे जीव पाण्यात सुटले. त्यांच्यासाठी आम्ही पाण्याच्या उलट्या बाटलीत मीठ घालून आर्टेमिया उबवल्या होत्या, डोळ्यांना धूळच वाटावी इतके बारीक नारिंगी किडे. ते सोडले आणि दहा मिनिटांत शेकडो पारदर्शक पोटं नारिंगी झाली. जणू कुणी एकेक दिवा लावत गेलं. मी माडीवरून खाली, खालून माडीवर असा उगाच चार वेळा धावलो.

तोवर माझी वही भरत आली होती आणि आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी ती प्रकल्प म्हणून घ्यायची तयारी दाखवली होती. त्यांची अट एकच : काम विद्यार्थ्याचं स्वतःचं हवं, दुसऱ्याचं असेल तर सही नाही. हे मी जेवताना चाचांना सहज सांगितलं होतं.

सर बघायला आले ती दुपार मला अजून छळते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तात्या तालमीतली माणसं घेऊन आलेले. सर भिंग घेऊन पेटीपाशी वाकले. जबडे बघितले, रंग बघितला, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "शंका नाही. पिरान्हा आहेत. आणि घरच्या पेटीत! हे केलं कुणी?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी चाचा बोलले. "ह्या पोरानं, साहेब. मी काच कापतो निस्ता."

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी उघडलेलं तोंड मिटलं.

तात्यांनी आपला शब्द पाळला. चौकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "बघा! कॉलेजचं पोरगं होतं म्हणून जमलं! रशीदभाईच्या हातात रूपचंदच हुता!" सगळे हसले. सगळ्यात आधी चाचा.

पिल्लं एकमेकांना खात खात शेवटी तिसेक उरली. चाचांचा नियम कडक होता, एकही मासा जिवंत घराबाहेरच्या पाण्यात जाता कामा नये. ना रंकाळ्यात, ना पंचगंगेत. अकरा मासे कॉलेजला दिले, बाकीचे त्यांनी जन्मभर सांभाळायला ठेवून घेतले. कॉलेजची पेटी चाचांनीच बनवली, टेम्पोतून आणून बसवली. वर एक पाटी होती : 'पिरान्हा. घरगुती पेटीत प्रजनन. दत्तात्रय गावडे, तृतीय वर्ष.' ती पाटी चाचांनी स्वतः सिलिकॉन लावून, अंगठ्यानं दाबून चिकटवली. बाहीनं पुसली. "झकास दिसतंय की," म्हणाले.

त्या प्रकल्पावर मला पुढचा प्रवेश मिळाला, पुढे ही नोकरी. आज मुलं मला 'सर' म्हणतात. पेठ चाचांना अजून रूपचंदच म्हणते.

फोनवर मी तीनदा विषय काढला. तिन्ही वेळा चाचांनी पावसाचं विचारलं. काल ती बाटली हातात धरून अंगणात उभा होतो, फेस हळूहळू बसत होता, आणि मला वाटलं, आता फोन नको. त्यांनीच शिकवलंय, दिसलं ते लिहायचं. कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती. मी पहिली गाडी पकडून कोल्हापूरला गेलो, जे करायचं ते केलं, दुकानात न जाता परत आलो आणि हे पत्र टाकलं.

*

आदरणीय रशीदचाचांस,

दत्ताचा सलाम व नमस्कार. चाचींनाही सांगा.

काल कोल्हापुरात येऊन तुम्हाला न भेटता गेलो, याचा राग धरू नका. समोर आलो असतो तर तुम्ही मला बोलू दिलं नसतं.

आधी सरांकडे गेलो. मासे तुमचे, जोडी तुम्ही ओळखली, पाण्याची युक्ती तुमची, मी पाणी आणलं आणि वही लिहिली, हे सगळं त्यांना लिहून दिलं आणि खाली सही केली. सरांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी सही केली नसती." मी म्हणालो, "म्हणूनच सांगितलं नाही." यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, चाचा. मी भ्यालो होतो. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही माझ्याआधी बोललात. पण तुम्ही बोलल्यावरही मला बोलता आलं असतं.

नंतर तालमीत गेलो. तात्या होते, आणखी दहा-बाराजण होते. सगळ्यांसमोर सांगितलं. तात्या म्हणाले, "इतकी वर्सं मला खोटं बोलायला लावलंस व्हय रं?" मी निघताना म्हणाले, "रशीदला सांगू नको, मी सवता जातो." ते आले तर त्यांना लगेच हसू नका. आधी त्यांचं बोलून होऊ द्या.

कॉलेजातल्या पेटीवरची जुनी पाटी पात्यानं काढली. तुमचं सिलिकॉन निघता निघत नव्हतं. नवी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय : 'पिरान्हा. घरगुती पेटीत प्रजनन. रशीद मुजावर, काच कारागीर, शिवाजी पेठ. पाणी व नोंदी : दत्तात्रय गावडे.'

पाटी थोडी तिरकी बसली आहे. तुम्ही बघाल तेव्हा तुमचा हात शिवशिवेल, पण ती काढून सरळ करू नका. माझ्या नावाची पाटी तुमच्या हातून लागली होती. तुमच्या नावाची माझ्या हातून लागलेली राहू द्या.

आपला,
दत्ता